राखेनं घासलेली बाटली

कालिंदीने पाणी-तपासणीच्या निकालाचा कागद विहिरीच्या कठड्यावर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला. बाभळीखाली बानाबाईची मेंढरं टेकली होती. त्यांतल्या अकरा मेंढ्या गाभण होत्या. गेल्या वर्षी सात मेंढ्यांनी गाभ टाकला होता, आणि बानाबाईचा संशय याच पाण्यावर होता.

“तीनदा जीप आली, बाटल्या भरून नेल्या,” बानाबाई म्हणाली. “माघारी येऊन सांगणारी तूच पहिली.”

निकाल सरकारी कार्यालयात जाईल, गावात वाचायचा नाही, असं प्रयोगशाळेच्या वैजनाथ सरांनी बजावलं होतं. लोक उगाच घाबरतात म्हणे. पण ज्यांचं पाणी त्यांनाच त्याची खबर नसावी, हे काही कालिंदीच्या गळी उतरेना. शहरातल्या मुकुंदवाडीहून ती एकटीच सायकल मारत आली होती.

“पाण्यात खार फार निघाला, मावशी. राख कालवल्यासारखा. वरच्या कारखान्याच्या नाल्यातून झिरपत असावा.”

“राखेवानी?” बानाबाईने कपाळाला आठ्या घातल्या. “आगं, बाटलीच राखेनं घासली व्हती म्या!”

कालिंदीची पेन्सिल थांबली. पंधरा दिवसांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे शहरातून गाडी निघाली नव्हती. म्हणून कालिंदीने आधी दिलेली बाटली बानाबाईने भरली आणि दूधवाल्या कडुबाने ती प्रयोगशाळेत पोचवली होती.

“ती धुतलेलीच होती, मावशी.”

“तुझी धुतलेली! दवाखान्यावानी वास मारीत व्हती. लोकाच्या घरी तशीच धाडू व्हय?”

तोच आकडा सरांच्या अहवालात टाइप झाला होता. उद्या तो कार्यालयात जायचा होता. कारखान्याच्या माणसांनी एका नजरेत तो खोटा पाडला असता, आणि मग या विहिरीचा कुठलाच आकडा पुन्हा कुणी खरा मानला नसता. कालिंदीने कागदावर आडवी रेघ मारली.

“चूक माझी. बाटली दिली, भरायची कशी ते सांगितलं नाही.”

“मंग पानी चांगलं हाय का?”

“ते अजून ठाऊक नाही.”

बानाबाई मात्र चिडली नाही.

“मेंढरास्नी ठावं हाय. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, तवा टाक्या धुत्यात. शनवारी नाल्याला फेस, अन् मेंढरं हितल्या हिरीच्या डोणीला तोंड लावत नायत. दोन दिसांनी पुन्हा पित्यात. तुमची जीप कवा येती? मंगळवारी!”

कालिंदीने वही काढली. तक्त्यात रंग, वास, तापमान यांचे रकाने होते. वाराचा नव्हता. जीपच्या तिन्ही तारखा तिने बोटांवर मोजल्या. तिन्ही मंगळवार.

मग तिने पिशवीतली कोरी बाटली काढली, विहिरीच्याच पाण्याने तीनदा विसळून दाखवली आणि चौथ्यांदा भरली. बानाबाई टक लावून पाहत होती.

संध्याकाळी तिने सरांना सगळं सांगितलं. गावात निकाल वाचला, हेही. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग त्यांनी अहवालातून ते पान काढून घेतलं आणि विचारलं,

“वाचला नसतास, तर हे कळलं असतं?”

कालिंदीने मान हलवली. नाही.

शनिवारी जीप आली. पुढच्या सीटवर सर होते. नाल्यावर पांढरा फेस तरंगत होता आणि मेंढरं डोणीपासून हातभर दूर, माना वळवून उभी होती. सर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग कालिंदीकडून वही घेऊन त्यांनी शेवटच्या रकान्याशेजारी पट्टीने एक नवी रेघ ओढली, वर ‘वार’ लिहिलं, आणि बाटली घेऊन पोहऱ्याकडे वाकले.

“थांबा साहेब,” पदर खोचत बानाबाई पुढे झाली. “आदी तीनदा इसळा.”