बर्फावरचे बिऱ्हाड

मंगळवार पेठेत केरबाकाकांचे झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचे दुकान आहे. रविवारी सकाळी ते शटर अर्धेच उचलतात, आणि त्या अर्ध्या उजेडात आम्ही तिघे एका संगणकावर साम्राज्ये उभी करतो. संगणक एकच, त्यामुळे खुर्चीही एकच. ज्याची पाळी तो खुर्चीत बसतो, उरलेले दोघे कागदांच्या गठ्ठ्यांवर. पाळी संपल्याचे बटण दाबले की उठायचे. ते दाबेपर्यंत खुर्ची त्याची आणि जगही त्याचेच. तोवर दुसऱ्या कोणाचा साधा शिपाईसुद्धा पाऊल उचलू शकत नाही. मला हा खेळ आवडला तो याच कारणाने. बाहेरच्या जगात मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. इथे मात्र सगळ्यांना माझ्यासाठी थांबावे लागते.

सम्राट हा केरबाकाकांचा पुतण्या. तो पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो, आणि खेळ कोणताही असो, आवाज मैदानातलाच लावतो. जिंकलेल्या प्रत्येक शहराचे जुने नाव पुसून तो तिथे सम्राटनगर आणि पुढे आकडा लिहितो. अशी चौदा सम्राटनगरे झाली होती. राजनंदिनी फिजिओथेरपी शिकते, आणि पेठेतल्या मुलींच्या रीतीने 'मी येतो, मी जातो' असे बोलते. तिने आपल्या शहरांना शाळेतल्या नावडत्या बाईंची नावे दिली आहेत, म्हणजे शहर गेले तरी जिवाला लागत नाही. माझी सात शहरे होती. सहा गेली. सातवे डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात उरले होते. त्याचे नाव उंबरखोल.

उंबरखोल हे माझ्या आईचे माहेर. गगनबावड्याच्या बाजूला एका खोऱ्यात ते गाव होते. मी जन्मलो त्याच्या दोन वर्षे आधी तिथे धरणाचे पाणी चढले. मी ते पाहिलेले नाही. आईच्या बोलण्यात इकडेतिकडे सांडलेले जे कण मिळाले, तेवढ्यावरून मी नकाशावर जागा शोधली: डाव्या अंगाला ओढा, पाठीशी रान, समोर उतरत जाणारी भाताची खाचरे. ज्या मातीवर मी कधी पाऊल ठेवले नाही, तिथे मी बोटांनी घरे बांधली. खेळातल्या तीन हजार वर्षांत त्या शहरावर पाच वेळा हल्ला झाला आणि पाचही वेळा ते उभे राहिले. सम्राटला किंवा राजनंदिनीला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी ते एक विचित्र नाव होते.

"आदर्शा, एकच शहर ऱ्हायलंय तुझं," एका रविवारी सम्राट म्हणाला. "शरण ये की आता. उगच आमचा टाइम खालायस."

"न्हाय."

"बरं, ऐक. दोस्तीत सांगतो. शरण आलास तर त्या गावाचं नाव तसंच ठेवतो. उंबर... काय ते."

"उंबरखोल."

"तेच. आणि लढलास तर सम्राटनगर पंधरा. इचार कर, पुढच्या रविवारी सांग."

राजनंदिनी गठ्ठ्यावरून म्हणाली, "घे भावा, मिळतंय तर घे. ह्यानं आजवर कुणाचं नाव ठेवल्यालं न्हाय. माझ्या पाटणकरबाईंस्नी सुदिक सोडलं न्हाय."

"बाईंनी मला बी सोडलं नव्हतं," सम्राट म्हणाला.

खरे सांगायचे तर तो प्रस्ताव मला पटला होता. आठवडाभर मी तो मनात उलटसुलट करून पाहिला. शहर हरणारच होते; त्याच्या तोफांपुढे माझी दगडी भिंत किती टिकणार? नाव राहिले तर निदान नकाशावर ती पाच अक्षरे दिसत राहतील. शरण जाणे मला जड नव्हते. आयुष्यभर मी तेच करत आलो आहे. एस.टी.तली खिडकी कोणी मागितल्याबरोबर मी देतो, रांगेत कोणी पुढे घुसले तर मीच अर्धे पाऊल मागे सरकतो. लोक त्याला चांगला स्वभाव म्हणतात.

शुक्रवारी संध्याकाळी आई वाटाणे सोलत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून शेंगा घेतल्या आणि विचारले, "आई, गाव गेलं तरी नाव ऱ्हायलं तर बरंच की न्हाय?"

"ऱ्हायलंय की," ती मान वर न करता म्हणाली. "धरणाला दिलंय. 'उंबरखोल लघु प्रकल्प'. निळी पाटी हाय ही एवढी."

"तू बघितलीस?"

"एकदा. तुझ्या आकाराममामासंगं गेलतो. मामा पाटीजवळ उभा ऱ्हाऊन हसाय लागला. म्हणला, अक्का, बुडवणाऱ्यानंच आपलं नाव घातलंय अंगावर." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "माणसं गडहिंग्लजला, नाव तितं पाण्यावर. हाक मारली तर ओ कुणी द्यायची?"

गडहिंग्लजजवळ माळावर त्या लोकांना जागा मिळाली. मामा तिथेच राहतो. त्या वस्तीला कागदोपत्री 'वसाहत क्रमांक दोन' म्हणतात. नाव तात्पुरते आहे, गावाचे मूळ नाव पुढे देण्यात येईल, असे तेव्हा सांगितले होते. सुट्टीत आम्ही तिथे जायचो तेव्हा कंडक्टर दोरी ओढून म्हणायचा, "चला, धरणवाले, उतरा." आणि आम्ही उतरायचो.

पुढच्या रविवारी मी सम्राटला नकार दिला.

"मग मर," तो प्रेमाने म्हणाला.

माझ्या हातात दोन पाळ्या होत्या. शहाण्या माणसाने त्यांत तट वाढवला असता, धनुर्धारी उभे केले असते. मी बिऱ्हाड तयार केले. बिऱ्हाड हे आमचे नाव. खेळात ती नवे शहर वसवायला निघालेली माणसे असतात. पडद्यावर एक छपराची बैलगाडी आणि तिच्याबरोबर चालणारी दोन ठिपक्याएवढी माणसे दिसतात. ती माणसे शहरातूनच वजा होतात. मी गाडी नावेत चढवली आणि नाव उत्तरेला सोडली. उत्तरेला नुसता बर्फ आहे. तिथे काही पिकत नाही, म्हणून इतक्या शतकांत आमच्यापैकी कोणीही तिकडे फिरकले नव्हते.

"आरं, लढाई दारात आणि बैलगाडी कुठं निघाली?" केरबाकाका पत्रिकांच्या नमुन्यांवरची धूळ झटकत म्हणाले.

"पळालाय," सम्राट हसला. "जाऊ दे, बर्फ खात बसंल."

मग त्याची पाळी आली. तट तिसऱ्या तोफेला पडला. उंबरखोलवर त्याचा तांबडा झेंडा चढला आणि पडद्यावर नेहमीचा प्रश्न उमटला: जुने नाव ठेवायचे की बदलायचे? सम्राटने बोटे कळफलकावर ठेवली, माझ्याकडे वळून पाहिले, आणि बोटे उचलून घेतली.

"जा, ठेवलं," तो म्हणाला. "हरलास तरी ठेवलं. आपुन दिलदार हाय."

राजनंदिनीने टाळी वाजवली. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता; मित्राला काहीतरी दिल्याचा आनंद. म्हणूनच पुढचे सगळे अवघड झाले.

राजनंदिनीची पाळी झाली आणि मी खुर्चीत बसलो. नाव किनाऱ्याला लागली होती. गाडी बर्फावर उतरली. पडद्याच्या माथ्यावर इशारा झळकत होता: तुमचे एकही शहर उरलेले नाही, ही पाळी संपण्याआधी शहर वसवा, अन्यथा तुम्ही खेळातून बाद. मी वसवण्याचे बटण दाबले. नावाची चौकट उघडली. मी लिहिले, उंबरखोल.

यंत्राने उत्तर दिले: या नावाचे शहर आधीच आहे.

मी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर आले. मग मी खुर्ची वळवली.

"सम्राट, तुझ्या शहराचं नाव बदल."

"कुठल्या?"

"उंबरखोलचं. सम्राटनगर पंधरा कर."

"डोकं फिरलं काय तुझं? तुझ्यासाठीच ठेवलंय की."

"माहीत हाय. नको मला. माणसं हितं आल्यात, नाव बी हितंच पायजे."

"कसली माणसं? एक बैलगाडी हाय."

"तेवढीच उरल्यात."

राजनंदिनी पुढे आली आणि पडदा वाचून म्हणाली, "सोपं हाय रे. मी सांगतो. मागच्या टर्न सेव्ह असत्यात. दोन पावलं मागं जाऊ, सम्राट नाव बदलंल, झालं."

"मागं जायाचं न्हाय," सम्राट म्हणाला. "तिघांनी ठरवलंय. आज ह्याच्यासाठी मागं गेलो की उद्या तू तुझ्या बाईंसाठी जाशील." मग त्याने आवाज खाली आणला. "आदर्शा, हे बघ. आता दुसरं काय तर घाल. नवं उंबरखोल घाल. माझी टर्न आली की मी माझं बदलतो, मग तू तुझं बदल. तात्पुरतं रे."

तो शब्द त्याच्या तोंडून सहज आला. त्याचा काही दोष नव्हता. पण जो मी एका दमात चार वाक्ये बोलत नाही, तो मी बोलत सुटलो. धरण, पाटी, मामा, माळ, कंडक्टर, सगळे बोललो. "क्रमांक दोन हे बी तात्पुरतंच हुतं," मी शेवटी म्हणालो. "सव्वीस वर्षं झाली."

केरबाकाकांच्या हातात एक नमुना तसाच राहिला, सोनेरी गणपतीचा.

सम्राटला अवघडल्यासारखे झाले, आणि अवघडला की तो मोठ्याने बोलतो. "ते सगळं खरं असंल. पण ते वायलं. ह्यो खेळ हाय."

"व्हय. म्हणूनच हितं तरी ऐकणार न्हाय."

"मग बटण दाब आणि बाद हो."

"न्हाय."

"दुसरं नाव देणार न्हाईस, बटण दाबणार न्हाईस. मग करणार काय?"

"बसणार," मी म्हणालो.

आणि बसलो. त्याने खुर्चीचा हात धरून एकदा हलवून पाहिला. मी हललो नाही. नुसता पडद्याकडे पाहत राहिलो. एक वाजता केरबाकाका म्हणाले, "पोरांनो, काकी भाकऱ्या थापून बसलीया. हे तुमचं राज्य झाका आता." राजनंदिनीने खेळ जपून ठेवला. पुढच्या रविवारी तो उघडला तेव्हा माझीच पाळी होती.

त्यानंतरच्या रविवारीही माझीच.

सम्राटने सगळे करून पाहिले. टोमणे मारले, मला माळावरचा राजा म्हटले, मिसळ खाऊ घातली, एकदा तासभर बोललाच नाही. राजनंदिनी म्हणाली, नवा खेळ मांडू. त्याला ते मानवेना. एवढी सगळी शहरे, एवढ्या तोफा, एवढी जहाजे सोडून तो पुन्हा एका गाडीपासून सुरुवात कशी करणार? तो जिंकल्यात जमा होता. फक्त त्याची पाळी येत नव्हती.

मी खुर्चीत बसून ते जग पाहतो. नकाशाच्या तीन चतुर्थांश भागावर तांबडा रंग पसरला आहे. बंदरांत शिडे वर आहेत, घाटाच्या तोंडाशी घोडदळ उभे आहे, अर्धे बांधलेले राजवाडे मजुरांची वाट पाहत आहेत. एवढे मोठे साम्राज्य पायाचा अंगठाही हलवू शकत नाही, कारण वरच्या टोकाला पांढऱ्या पट्टीवर एक गाडी थांबली आहे आणि तिने स्वतःचे नाव सोडून दुसरे कोणतेही नाव घ्यायला नकार दिला आहे. माझ्या मामाकडे असे बटण नव्हते. त्याला कोणी विचारलेही नव्हते. पाण्याची पाळी होती, पाणी आले. कधी कधी मला या माझ्या हट्टाची लाज वाटते. सव्वीस वर्षांच्या अन्यायाचा वचपा मी एका मित्राच्या रविवारावर काढतो आहे, असे वाटते. तरीही हात बटणाकडे जात नाही. इतक्या उशिरा, इतक्या क्षुल्लक जागी का होईना, कोणीतरी न उठता बसून राहायला हवे होते.

चौथ्या रविवारी सम्राट लवकर आला. सामना नव्हता, राजनंदिनी यायची होती. त्याने गठ्ठा ओढून माझ्या खुर्चीला लावला आणि बराच वेळ पडद्यावरच्या गाडीकडे पाहत राहिला.

"किती घरं हुती रे तितं?"

"एकतीस. आणि एक अर्धं."

"अर्धं म्हंजे?"

"मामाचं. भिंती झालत्या. छप्पर व्हायचं हुतं."

त्याने पँटवरची न दिसणारी माती झटकली. "दोन टर्न मागं गेलो," तो म्हणाला, "तर खुर्चीत मी येणार. तुला उठायला लागंल."

"व्हय."

"मग ऊठ. बघतो मी."

"आधी बदलतो म्हण. मग उठतो."

"माझ्यावर इस्वास न्हाय व्हय तुझा?"

"हाय," मी म्हणालो. "पण आधी म्हण."

केरबाकाकांनी चहाचे दोन पेले आणून आमच्या मधोमध ठेवले आणि आत गेले. बाहेर पेठेतून भाजीची गाडी ओरडत गेली. सम्राटने पेला उचलला, फुंकर घातली, पुन्हा खाली ठेवला. तो विचार करत होता; मी त्याला इतका वेळ विचार करताना कधी पाहिले नव्हते. मी घाई केली नाही. पडद्यावर बैल बर्फात उभे होते आणि त्यांच्या नाकपुड्यांतून श्वासाची वाफ वर जात होती. पाळी माझीच होती.