पटावरचं दहावं नाव

मे महिनाभर दोन पोरांनी सखाराम गुरुजींना पुरतं नाचवलं. एक त्यांची नात दीक्षा आणि दुसरा वरच्या वाडीतल्या राहीचा स्वरूप. दोघांनाही जूनमध्ये पहिलीत जायचं होतं. ज्या शाळेत गुरुजींनी बावीस वर्षं काढली, तिच्या पटावर आठच मुलं उरली होती. दहा झाली तर शाळा राहणार, नाहीतर दाराला कुलूप आणि पोरांची पलीकडच्या गावापर्यंत तंगडतोड. म्हणजे सगळं या दोन शेंबड्यांवर येऊन ठेपलं होतं.

गुरुजी निवृत्त झाले होते, त्यांची मास्तरकी निवृत्त झाली नव्हती. रोज सकाळी दोघांना घरापुढच्या खळ्यात बसवून ते काजूच्या बिया मोजायला लावायचे. बटणं आपली आपण लावायची, डबा न सांडता उघडायचा, लघवीला लागली तर चुळबुळ न करता बाईंना सांगायचं. पूर्ण नाव विचारलं की स्वरूप पायाच्या अंगठ्याकडे बघायचा आणि दीक्षा दोघांचीही नावं सांगून मोकळी व्हायची. शाळेतल्या तयारीच्या मेळाव्यात पोरांचे पाय रंगात बुडवून कागदावर ठसे घेतले, तेव्हा दीक्षाचा कागद गुरुजींनी स्वतःच्या हाताने वाळवला.

राहीचा नवरा मुंबईला. त्याने मिरजोळ्याकडच्या इंग्रजी शाळेत स्वरूपसाठी जागा बघून ठेवली होती. राही विचारायला आली.

"गुरुजी, ह्याचा बापूस बोलतो तिकडंच घाल. बस फाट्यावर येते. तुमी सांगाल तसं."

"माझी नात जिथे, तिथे तुझा मुलगा," गुरुजी म्हणाले. "आणखी काय सांगू?"

एवढ्यावर राही नवऱ्याशी फोनवर भांडली आणि ती जागा सोडून दिली. गुरुजींना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, गुरुजींचा मुलगा अमरदीप जयगडहून आला. तो तिथे बंदरावर कामाला. त्याने पिशवीतून काळे बूट काढले, मग टाय काढला.

"दीक्षाची मिरजोळ्याला ॲडमिशन झालीय. फेब्रुवारीतच."

सून दर्शना खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. तिला माहीत होतं.

"आणि मला आज सांगतोस? मी लोकांना शब्द दिलाय," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही मला विचारलं होतंत, बाबा? सहा वर्षांचा होतो. रत्नागिरीला आत्याकडे ठेवून आलात. इथे रोज दुसऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवायचात, आणि मी शनिवारची वाट बघत बसायचो. मला का नाही घातलंत तुमच्या शाळेत?"

उत्तर अमरदीपनेच दिलं. "एक मास्तर, चार वर्ग. पोराचं नुकसान होईल. आईला हेच सांगितलं होतंत ना? मग माझ्या पोरीचं नुकसान चालतं?"

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. कमलाबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.

"पोर रडत व्हता तरी ठेवून आलात," त्या म्हणाल्या. "आता त्याच्या पोरीचं त्याला ठरवू दे."

गुरुजींना आपली शाळा टिकायला हवी होती, अगदी मनापासून. फक्त ती टिकवायची जबाबदारी त्यांनी गावातल्या गरिबांच्या पोरांवर टाकली होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर म्हणणारा त्यांच्याच पोटी जन्मला.

सोमवारी सकाळी ते फाट्यावर गेले. न जाऊन करतात काय? दीक्षाने बटणं स्वतः लावली होती. बसमधल्या बाईने नाव विचारलं, तेव्हा तिने न अडखळता पूर्ण नाव सांगितलं, आजोबांना टाटा केला आणि खिडकीशी जाऊन बसली. इतकी तयार पोर त्या बाईने क्वचितच पाहिली असेल.

बस वळली. पलीकडे राही उभी होती, स्वरूपचा हात धरून. त्याच्या अंगावर शाळेचा नवा गणवेश होता, एक माप मोठा. तिने सगळं पाहिलं होतं.

ती भांडली असती तर गुरुजींना सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "तुमच्या शब्दावर मी घरात भांडण केलंय, गुरुजी. आता नऊच झाली न्हवं?"

पुढच्या वर्षी हे पोर कुठल्या रस्त्याने चालत जाणार, हे दोघांनाही कळत होतं. माझं चुकलं, एवढंच गुरुजींना म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते.

"शाळा चांगली आहे, राही," गुरुजी म्हणाले. "मी स्वतः शिकवलंय तिथे."

बावीस वर्षं दारोदार फिरून त्यांनी हेच सांगितलं होतं, त्यामुळे आवाज जराही कापला नाही. राहीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पोराच्या खांद्यावरचं दप्तर सारखं केलं आणि त्याला घेऊन शाळेच्या वाटेला लागली. दुसरीकडे न्यायला तिच्याकडे जागा उरली नव्हती.