सामी लामेनची हाक

आयव्ही आत्यानं ऑस्ट्रेलियातल्या मॅकायच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर तिनं एकच मोठं काम अंगावर घेतलं, गावातल्या कलादालनाच्या भिंतीवर आमच्या माणसांचं चित्र. आमची माणसं म्हणजे एपी, तान्ना, आम्बे अशा प्रशांत महासागरातल्या बेटांवरून जहाजात घालून क्वीन्सलंडच्या उसात राबायला आणलेली, कुणी फसवून, कुणी ओढून. चित्राच्या मधोमध तिचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा सामी लामेन असणार होते, हातांत बेड्या. घरात तसंच सांगत आले होते.

जहाज नीट काढता यावं म्हणून ती मला घेऊन ब्रिस्बेनच्या अभिलेखागारात गेली. १८८४ सालच्या एका फेरीची तेव्हा चौकशी झाली होती, तिचे कागद निघाले. आत्याचा चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून मी वाचून दाखवत होते. एका खलाशाची साक्ष होती. किनाऱ्याला जाणाऱ्या होडीत सामी लामेन नावाचा एपीचा मुलगा असे, दोन वर्षांपूर्वी आणलेला. तो आपल्या भाषेत हाका मारी, माणसं विश्वासानं पाण्यात उतरून जवळ येत, मग त्यांना आत ओढून घेत. त्या दिवशी सात जण मिळाले. त्यात लेपा नावाची तेरा वर्षांची मुलगी.

मी थांबले. आत्यानं पुढं वाचायला सांगितलं. पुढं काही नव्हतं.

घरी हे ऐकून बाबा भडकले. कागद गोऱ्यांनीच लिहिलेत, तो खलाशी स्वतःची कातडी वाचवत असणार, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं. आत्या एवढंच म्हणाली, "गोऱ्यांनी केलेलं त्याच कागदांत सापडलं की आपण खरं मानतो ना रे?"

लेपा म्हणजे क्लॅरी बुलेकाकांची आजी. काका ऐंशीचे, चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसतात. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ते मागच्या अंगणात अळूचे कंद सोलत होते. आत्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

काकांनी सुरी खाली ठेवली नाही. "आजी सांगायची. लामेनची हाक ऐकली म्हणून आम्ही उतरलो, म्हणायची."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? आजी गेली तेव्हा खड्डा तुझ्या बापानं खणला. बस आधी."

मग त्यांनीच सांगितलं. म्हातारपणी सामी दर रविवारी त्यांच्या फाटकापर्यंत यायचा. आजी त्याला घरात घेत नसे. चहा मात्र द्यायची, तिथंच, उभ्याउभ्या. दोघं फारसं बोलत नसत.

"म्हणजे माफ केलं होतं?" आत्यानं विचारलं.

"विचारायची छाती कुणाला होती? पण साखर कधी घातली नाही तिनं त्याच्या चहात. साखरेच्या गावात राहून." काका हसले आणि त्यांनी पुढचा कंद सोलायला घेतला. "आजीलाही काढ. पाठमोरी नको. आणि त्याला फार वाईट काढू नकोस, चौदा-पंधराचा असेल पोर."

आत्यानं भिंतीवर आधीच रेखलेला बेड्यांचा सामी खरवडून काढला. होडीत एक किडकिडीत मुलगा आला, तोंडाभोवती हात धरलेला. त्याच्या पाठीला तिनं बंदूक लावली होती. हे कागदात आहे का, मी विचारलं. दुसऱ्या दिवशी बंदूक नव्हती. गुडघाभर पाण्यात लेपा आपल्याकडे बघत उभी होती. कपाळ क्लॅरीकाकांचं. त्यासाठी ते तीन दुपारी खुर्चीत बसले आणि तिन्ही वेळा झोपले.

उद्घाटनाला बाबा आले नाहीत. आठवडाभरानं, गर्दी नसताना, मला घेऊन गेले. आत्या कोपऱ्यात बाकावर बसून लाटांचा रंग सारखा करत होती. बाबा चित्रासमोर टोपी हातात धरून उभे राहिले.

"त्याला कान आपल्या बाबांचे काढलेस," ते म्हणाले.

"आपल्या सगळ्यांचेच तसे आहेत," आत्या म्हणाली आणि सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.