कव्हर न दिलेली राणी

मी एक जुना कॅरमबोर्ड आहे. मित्रांनो, धक्के खाण्यातच माझा जन्म गेला, त्यामुळे आपल्याला आता कशाचंच काही वाटणार नाही, असा माझा समज होता. गेल्या नोव्हेंबरात तो पार मोडला.

माझा जन्म चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात झाला. शिसवी चौकट, गुळगुळीत प्लायवूड आणि चार कोपऱ्यांना जाळीची पॉकेटं. तिथून मी घाटकोपरच्या टेकडीवर, उदयतारा मंडळाच्या एका खोलीत आलो. मंडळातल्या तुळशीदासकाकांची गिरणीतली नोकरी गेली, नंतरची वॉचमनचीही संपली, आणि ते रोज दुपारी माझ्यापाशी बसू लागले. मला ते जिवापाड जपत. एकदा मंडळातल्या प्रीतमने माझ्यावर चहाचा कप ठेवला, तर काकांनी त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला होता.

आमच्या मंडळाला एक खोड आहे. इथे आधी फ्लेक्स लागतो आणि मग विचार सुरू होतो. अध्यक्ष नंदकिशोर यांनी दिवाळीत फ्लेक्स लावला, ‘दहावीच्या तीस मुलींसाठी मोफत सुसज्ज अभ्यासिका, एक डिसेंबरपासून’. त्यावर अक्षरांपेक्षा त्यांचा फोटो मोठा होता. रिबीन कापली, पेढे वाटले. खोलीत काय होतं? एक मिणमिणता दिवा आणि मी! रिकाम्या खोलीचं उद्घाटन मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि थक्क झालो.

खरा हादरा पुढेच होता. मंडळाच्या चिटणीस रत्नप्रभाताई खोली झाडत होत्या, तेवढ्यात शेजारच्या गल्लीतली रोशनी दारात आली. तिच्या घरात एका खोलीत सहा माणसं राहतात.

“काकू, एक तारखेला नक्की उघडणार ना? आईने माझा क्लास बंद केलाय. फ्लेक्सवर मोफत लिहिलंय ना, म्हणून.”

ताईंच्या हातातला झाडू तसाच राहिला. मुलीने आपल्या भरवशावर क्लास सोडला होता!

रविवारी सकाळी ताईंनी सगळ्यांना बोलावलं. नंदकिशोर कपाळाला हात लावून म्हणाले, “वाट लागली यार! वर्षाची वर्गणी फ्लेक्स आणि पेढ्यांत गेली. तारीख पुढे ढकलू या ना.”

“आणि रोशनीची परीक्षाही पुढे ढकलशील का रे?” ताई कडाडल्या.

तुळशीदासकाका माझ्यापाशी बसले होते. ते त्यांच्या मालवणीत हळूच म्हणाले, “राणी घेतलंस रे बाबा, पण कव्हर खंय आसा?”

मित्रांनो, कॅरममध्ये लाल राणी पॉकेटात गेली म्हणून ती आपली होत नाही. लगेच पाठोपाठ आपली एक सोंगटी घालावी लागते. तिला कव्हर म्हणतात. ते जमलं नाही, तर राणी मुकाट्याने बोर्डावर परत ठेवायची. ते कव्हर कुठे आहे, असं काका विचारत होते.

काकांनी माझ्यावर सोंगट्या ओतल्या. राणी मधोमध ठेवली. “ही मुलींची अभ्यासिका. हिका हलवूचा नाय. काळ्या म्हंजे काय व्हया ता. पांढऱ्या म्हंजे आपल्याकडे काय आसा ता. जिका पांढरी गावली नाय, ती काळी भायर.”

वॉटर कूलर, भिंतींना नवा रंग आणि अध्यक्षांची फोटोफ्रेम या तीन गरजांना जोडीची पांढरी मिळेना, त्यामुळे त्या काळ्या सरळ पॉकेटात गेल्या. नंदकिशोरांचं तोंड उघडंच राहिलं. मग पोटमाळ्यावरून गणपतीच्या सजावटीचे दिवे उतरले. बसायला काय, तर तोच फ्लेक्स, उलटा करून. शांततेची काळी अडली होती, तेव्हा शेजारच्या सखुबाई म्हणाल्या, “माझी मालिका मी आवाज बंद करून बघीन. त्यात सगळी रडतातच, न ऐकता कळतं.” मखराच्या फळ्या विटांवर मांडून सव्वीस मुलींची सोय झाली. मी अवाक झालो. सगळं घरातच होतं आणि कुणी पोटमाळ्यावर चढून पाहिलं नव्हतं!

पण चार मुली उरल्या. नावनोंदणीच्या यादीत रोशनीचं नाव शेवटचं होतं, म्हणजे त्या चौघींत तीही आली.

“जिने आपल्यासाठी क्लास सोडला, तिलाच नाही म्हणू?” ताईंनी यादी काकांसमोर धरली.

काकांच्या मुठीत एक पांढरी सोंगटी होती. ती त्यांनी उरलेल्या काळीशेजारी ठेवली आणि माझ्या चौकटीवरून हात फिरवला. “चार बाजूक चार पोरी बसतीत. माझो बोर्ड घेवा.”

खरं सांगतो, मला राग आला. ज्यांनी माझ्यावर कप ठेवू दिला नाही, तेच मला टेबल करून टाकत होते! काकांच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हा माझा राग गेला.

एक डिसेंबरला दार उघडलं. रोशनी माझ्या एका बाजूला बसली, भूमितीची वही उघडली आणि कंपासचं टोक जोर लावून रोवलं. ते कागदातून थेट माझ्या मधल्या वर्तुळात रुतलं. खिडकीबाहेर काका उभे होते. त्यांनी जागच्या जागी डोळे मिटले. मग आत आले, एक जाड पुठ्ठा तिच्या वहीखाली सरकवला, “आता काढ गो वर्तुळ,” म्हणाले आणि निघून गेले.

मित्रांनो, काही नवं मागण्याआधी एकदा आपला पोटमाळा बघा, आणि ज्याचं कव्हर हाताशी नाही तो शब्द कुणाला देऊ नका. परवा नंदकिशोर उत्साहाने आत शिरले आणि म्हणाले, “पोरींनो, पुढच्या वर्षी कॉम्प्युटर रूम, झकास!”

रोशनीने वहीतून मान वर केली. “कव्हर कुठाय, काका?”

नंदकिशोरांनी चपला काढल्या आणि ते शिडी लावून पोटमाळ्यावर चढले.