सोयऱ्याची उसनवारी

वैशाखातली सकाळ होती. पालमला आबासाहेबांच्या अंगणात मंडपाचं कापड दोरीवर वाळत होतं आणि त्यांची सून मनकर्णा दगडावर सतरंज्या घासत होती. आदल्या दिवशीच्या लग्नातले हळदीचे, वरणाचे, पानाच्या पिचकाऱ्यांचे डाग काही केल्या निघत नव्हते. सोड्यानं तिच्या बोटांची कातडी सोलून निघाली होती. मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा हा धंदा सुरू होऊन एकच लगीनसराई झाली होती, पण धुणं जन्माचं वाटावं इतकं झालं होतं.

"जोर लावून घास," ओट्यावरून सासू सरजाबाई म्हणाली. "बापानं फुकट खायला धाडलं न्हाई तुला."

मनकर्णानं वर पाहिलं नाही. बापानं काय काय धाडलं होतं, ते तिला पाठ होतं.

तिचे वडील दिनकरराव परभणीला एसटीत कंडक्टर. आयुष्यभर लोकांचे सुटे पैसे परत देत आलेला माणूस. लेकीच्या लग्नात बावीस हजार हुंडा ठरला. फंडातून उचल घेऊन, नातेवाइकांपुढं हात पसरून त्यांनी बराचसा जमवला आणि बाकीचा दिवाळीला देतो म्हणून शब्द दिला. पण मुहूर्त जवळ आला आणि वराकडची मंडळी जानवशातून उठेचनात. उन्हात पाहुणे ताटकळले. दिनकररावांनी डोक्यावरची टोपी काढून आबासाहेबांच्या पायाशी ठेवली. आबासाहेब भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. शेवटी आई कस्तुराबाईनं चारचौघी बायांच्या देखत हातातल्या पाटल्या उतरवल्या. निघता निघत नव्हत्या; मनगट सोललं, रक्त आलं. लग्न जमवणाऱ्या माणिकरावांनी त्या पाटल्या तळहातावर तोलल्या, उपरण्याखाली नोटा मोजल्या आणि म्हणाले, "झालं. वाजवा आता." वाजंत्री वाजली. नवरदेव बन्सीधर खाली मान घालून रुमालानं घाम पुसत राहिला. मग पंगती बसल्या, आणि लोकांनी बुंदी मागून मागून खाल्ली.

मनकर्णा त्या दिवशी रडली नाही. सगळ्यांची तोंडं तिनं नीट पाहून ठेवली. याचं उट्टं काढल्याशिवाय मी मरणार नाही, एवढंच तिनं मनाशी म्हटलं.

पाटल्या मोडल्या गेल्या. त्या सगळ्या पैशांतून आबासाहेबांनी बांबू, कापड, सतरंज्या, कर्णे आणि ॲम्प्लिफायर घेतला, आणि धंद्याची पाटी स्वतःच्या नावानं लावली.

त्या सकाळी बन्सीधर आणि माणिकराव बँकेतून परत आले ते तोंड पाडून. लग्नात लाइट गेली की कर्णे मुके होत. म्हणून जनरेटर घ्यायचा होता, आणि त्यासाठी कर्ज हवं होतं. माणिकराव जामीन राहणार होते.

"मॅनेजर म्हणायलेत, वर्षाचा जमाखर्च दाखवा," बन्सीधर म्हणाला.

"त्यात दाखवायचं काय?" आबासाहेबांनी बंडीचा खिसा थोपटला. "आलेला पैसा हितं. गेलेला बी हितूनच."

"तसं चालत न्हाई म्हणं, बाबा."

माणिकरावांनी सुपारी तोंडात टाकली. "घरात बारावी कॉमर्स सून हाय की. धुणं कशाला करून घ्यायलाव? लिव्हू द्या तिला."

मनकर्णानं हात पदराला पुसले. या सराईतली लग्नं, भाडी, इसार, उधाऱ्या एकेक करून ती विचारू लागली आणि आबासाहेब आठवून आठवून सांगू लागले. माळेगावच्या जत्रेत खर्चलेले पैसे ते धंद्यात धरू लागले, तेव्हा तिनं पेन थांबवलं.

"ह्यो घरखर्च हाय, मामंजी. धंद्याचा न्हाई. घराचा खिसा येगळा, धंद्याचा येगळा. न्हाईतर धंदा चालायलाय का बुडायलाय, कळणारच न्हाई."

"बरं. पुढं?"

"चुडाव्याच्या लग्नाचा इसार तुमी कमाईत धरलाव. लगीन व्हायचंय अजून. मोडलं तर परत द्यावा लागंल. तवर ती कमाई न्हाई." तिनं पुढची ओळ लिहिली. "आन् सतरंज्यांची धुलाई."

"धुलाई? घरच्या बाया धुत्यात की!"

"परटाकडं टाकल्या तर पैसे पडतील का न्हाई?"

माणिकराव हसले. आबासाहेबही हसले. सून हुशार निघाली, याची त्यांना गंमत वाटत होती. तेवढ्यात तिनं तितक्याच सरळ आवाजात विचारलं, "आता भांडवल. धंदा सुरू झाला तो पैसा कुणाचा?"

सरजाबाईनं निवडायचं सूप खाली ठेवलं.

"माझा," आबासाहेब म्हणाले. "लिव्ह."

"लिहिते. पण कुठून आला, ते बँक विचारंल. रान इकलं का? कापूस घातला का? त्याची पावती लागंल."

तसलं काहीच झालं नव्हतं, हे पालममधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आबासाहेबांनी माणिकरावांकडे पाहिलं. माणिकराव खाकरले. "हुंडा म्हणून तर लिव्हता येत न्हाई. सरकारनं कायदा लय कडक केलाय म्हणं."

आबासाहेबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांना स्वतःच्याच अकलेचं कौतुक वाटलं. "मग असं लिव्ह. सोयऱ्याची उसनवारी. दिनकररावांनी मला धंद्यासाठी दिली. कागदाला काय होतंय? काय बी लिव्हा."

सासऱ्यानं सांगितलं तसंच, अक्षरशः मनकर्णानं लिहिलं, वाचून दाखवलं आणि पान पुढं केलं. "बँकेला सही लागती."

आबासाहेबांनी ऐटीत सही केली.

मॅनेजरनं कागद वाचले आणि हिशेब चोख आहे असं सांगितलं. पण दोन अडचणी काढल्या. जनरेटरच्या किमतीची चौथाई मालकानं आधी भरायला हवी. आणि सोयऱ्याचं देणं एवढं मोठं असताना, बँकेचं कर्ज फिटेपर्यंत आपण ते मागणार नाही, असं त्या सोयऱ्यानं समक्ष येऊन लिहून द्यायला हवं.

हे घरी कळताच सरजाबाईनं मनकर्णाची पिशवी भरून दारात ठेवली. "परभणीला जा. बापाला घेऊन ये, आन् येताना चौथाई बी आण त्याच्याकडून. मोकळ्या हातानं येयचं असंल तर तिकडंच ऱ्हा."

परभणीच्या घरी कस्तुराबाई भाकरी थापत होती. सोन्याच्या जागी काचेच्या दोन हिरव्या बांगड्या होत्या. दिनकरराव नुकतेच ड्युटीवरून आले होते. लेकीचं ऐकून त्यांनी खाकी शर्टाची काढलेली बटणं परत लावली.

"हाफिसात जाऊन येतो. फंडातून आणखी उचल मिळती का बगतो. तुला नांदायचंय, बाई."

"आण्णा, बसा," मनकर्णा म्हणाली. तिनं उसनवारीची सगळी हकिकत सांगितली. "त्यांनीच सांगितलं, त्यांनीच सही केली. आता तुमी न्हाई म्हणा. पैसा परत मागा."

"अगं, घर मोडंल तुझं."

"माझं घर तिथं झालंच न्हाई, आण्णा. मी सतरंज्या धुयला हाय तिथं."

दिनकरराव टोपीची कड चाचपत राहिले. तेव्हा चुलीपाशी बसलेली कस्तुराबाई बोलली. लग्नापासून या विषयावर तिनं तोंड उघडलं नव्हतं. "त्या दिवशी तुमी एकटेच उभे होताव. उद्या मी बी येते."

बँकेत मॅनेजरनं दिनकररावांना समोरच्या खुर्चीवर बसवलं. रक्कम देणारे ते होते ना! आबासाहेब, बन्सीधर आणि माणिकराव बाकड्यावर बसले. कस्तुराबाई दारापाशी, आणि तिच्याजवळ मनकर्णा. बँकेत त्या दिवशी आठवडी बाजाराची गर्दी होती.

"इथं सही करा," मॅनेजर म्हणाले.

दिनकररावांनी पेन उचललं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "सही न्हाई करत, साहेब. माझी उसनवारी मला परत पायजे."

आबासाहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते ताडकन उठले. "उसनवारी? कशाची उसनवारी?"

"तुमीच लिहून दिलीव," मनकर्णा म्हणाली.

"अरे, हुंडा व्हता त्यो!" आबासाहेब ओरडले. "लेक खपवायला दिला ह्यानं मला! हुंडा परत मागायला आलाय भिकारी!"

काउंटरपाशी उभी असलेली माणसं वळली. नोटा मोजणाऱ्या कॅशियरचा अंगठा थांबला. मॅनेजरनं पेनाला टोपण लावलं.

मनकर्णा पुढं आली. वर्षभर ज्या आवाजात तिनं "जी, मामंजी" म्हटलं होतं, तो आवाज आता कुणाला ओळखू आला नसता. "सगळ्यांनी ऐकलं न? आता मामंजी, एक काय ते ठरवा. उसनवारी असंल तर हितंच परत द्या. हुंडा असंल तर त्यो गुन्हा हाय, आन् कायद्यानं त्यो पैसा माझा. मग मी हितून पोलीस ठाण्यात जाते. तुमी सांगाल तसं लिहिते. आतापर्यंत तसंच लिहिलंय."

"सूनबाई, घरचं भांडण घरात..." माणिकराव उठले.

"काका, नोटा तुमी मोजल्याव. पाटल्या तुमी तोलल्याव. साक्षीदार तुमीच. कायद्याची आठवण बी तुमीच काढलीव आमच्या अंगणात. सांगा साहेबांना, हुंडा का उसनवारी?"

हुंडा म्हणावं तर आपणही अडकतो, हे माणिकरावांच्या ध्यानात आलं. ते पुटपुटले, "उसनवारी."

आबासाहेब मटकन बाकड्यावर बसले.

त्यांच्याकडे रोख काही नव्हतं; सराईची कमाई खिशातून केव्हाच गळून गेली होती. दिनकररावांना हप्ते चालले असते, मनकर्णाला चालले नाहीत. त्याच दिवशी माणिकरावांच्याच हातानं कागद झाला: उसनवारीच्या बदल्यात बांबू, कापड, सतरंज्या, कर्णे, ॲम्प्लिफायर, सगळं मनकर्णाच्या मालकीचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शेजारीपाजारी ओट्यांवर उभे असताना तिनं ते ट्रकमध्ये भरून घेतलं. अंधार पडल्यावर न्या, अशी सरजाबाईनं विनवणी केली होती. तिनं मुद्दाम दुपार निवडली. सासूच्या तोंडासमोरून एकेक सतरंजी गेली, तेव्हा मनकर्णाच्या जिवाला थंडावा मिळाला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

बन्सीधर ट्रकच्या फाळक्यापाशी आला. "मी बी येऊ का?"

"त्या दिवशी जानवशातून उठून तुमी एकटे मांडवात आला असताव, तर इचारायची येळच आली नसती," ती म्हणाली. "हमाली करायची असंल तर या. दुसऱ्या गड्यांइतका रोज देईन."

तो त्या दिवशी आला नाही. पावसाळा सरल्यावर आला. परभणीत स्टेशन रोडच्या मागं तिनं घेतलेल्या पत्र्याच्या खोलीपाशी येऊन न बोलता बांबू उचलू लागला. शनिवारी इतर गड्यांबरोबर ती त्याचा रोज द्यायची आणि सही घ्यायची. त्याला घरात घ्यायचं की नाही, हे तिनं ठरवलं नव्हतं, आणि तोही विचारत नव्हता.

धंदा सोपा नव्हता. इसार घेण्याआधी गिऱ्हाइकाला ती एकच प्रश्न विचारायची, "देणंघेणं काय ठरलंय?" हुंडा ठरलेल्या लग्नाला मंडप देत नव्हती. लोक हसायचे, शिव्या घालून दुसरीकडे जायचे. एका महिन्याचं खोलीभाडं दिनकररावांच्या पगारातून गेलं. तेही तिनं वडिलांचं देणं म्हणून लिहिलं आणि पुढच्या महिन्यात फेडलं.

तुळशीचं लग्न लागून सराई सुरू झाली होती. एका सकाळी माणिकराव येऊन दारात उभे राहिले. वाळले होते. नातीचं लग्न ठरलं होतं, परभणीतच.

"देणंघेणं?" मनकर्णानं विचारलं.

"ते मागायलेत. मोटारसायकल, आन् वर रोकड." माणिकराव खाली बसले. "लोकांचं जमवता जमवता माझ्यावरच आलं बग."

तिला वाटलं, हसावं. पोटभर, मोठ्यानं. या माणसानं उपरण्याखाली किती घरांच्या नोटा मोजल्या असतील! त्याला हात हलवत परत पाठवायची गोडी तिच्या जिभेवर आली होती.

"मंडप देते," ती म्हणाली. "भाडं बी घेत न्हाई. पण तुमी एक पैसा जरी दिल्याचं कळलं, तर भर लग्नात येऊन दोऱ्या कापीन. वऱ्हाड उन्हात बसंल."

"आन् त्यांनी लगीन मोडलं तर? पोरगी तशीच ऱ्हायली तर?"

"माझं लागलं होतं की, काका. मागितलं ते सगळं देऊन लागलं होतं. बगा माझ्याकडं."

बाहेर बांबू रचणारा बन्सीधर थांबला. माणिकरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिले. मग म्हणाले, "न्हाई देत."

"काय न्हाई देत?"

"हुंडा."

"मोठ्यानं म्हणा."

"मनकर्णा, रस्त्यावर माणसं हायत..."

"माझ्या लग्नात बी होती. 'वाजवा' म्हणताना तुमचा आवाज लय मोठा होता, काका."

म्हातारा भिंतीला धरून उठला. उंबऱ्यात गेला. समोर पानाच्या ठेल्यावर माणसं उभी होती, टांगेवाले होते, सायकलवरून कॉलेजात चाललेल्या मुली होत्या. माणिकरावांनी घसा साफ केला.

"माझ्या नातीच्या लग्नात मी हुंडा देणार न्हाई!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मनकर्णानं पावती-पुस्तक उघडलं आणि विचारलं, "तारीख कोणती धरू?"