पिकासाठीचा परवाना

बुधाकडे ठासणीची बंदूक होती आणि तिचा परवाना पिकाच्या राखणीसाठीचा होता. रानडुकरं नागलीच्या पिकात शिरली तरच ती उडवायची. निवडणूक लागली की असली परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत न्यायची, हा सरकारी नियम. चाळीस वर्षांत बुधाने एकदाही तो मोडला नव्हता. पेठ तालुक्याच्या डोंगरात घड्याळ चुकेल, पण बुधा चुकायचा नाही.

या खेपेला मात्र मुलगा आडवा आला. सुनील सातपूरला कारखान्यात कामाला होता. पंधरा दिवस पाड्याभोवती बिबट्या फिरतोय आणि आई पहाटे एकटीच झऱ्यावर जाते, हे कळल्यावर तो सुट्टी टाकून धावत आला होता.

"बा, नको देऊस बंदूक. आईला काय झालं म्हंजे? हितं कोण बघायला येतंय?"

"मी हाय ना बघायला," बुधा म्हणाला आणि बंदूक खांद्यावर टाकून ठाण्याकडे चालू लागला. सुनील चडफडत मागे निघाला.

ओहोळाच्या वळणावर बिबट्या वाटेतच बसला होता. पंधरा पावलांवर.

सुनील जागीच थांबला. कोवळं ऊन त्या पिवळ्या अंगावर पडलं होतं आणि श्वासासरशी एकेक ठिपका हलत होता. इतकं देखणं त्याने जन्मात काही पाहिलं नव्हतं, आणि इतका तो कधी भ्यालाही नव्हता. बंदूक रिकामी असणार, ठाण्यात कोण भरून नेतं? आता दारू ओता, गजाने ठासा, छर्रे घाला, परत ठासा. तोवर बिबट्या जेवून हात धुऊन मोकळा.

बुधाने बंदुकीची नळी खाली केली. पारावर बसलेल्या शेजाऱ्याला सरकायला सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "वाघदेवा, आमी ठाण्यात चाललोय. जरा वाट दे."

बिबट्याने त्याच्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने जांभई दिली, उठला आणि कसलीही घाई न करता कारवीच्या झुडपांत शिरला. 

ठाण्यात हवालदार संध्याबाईंनी बंदूक घ्यायला हात पुढे केला.

"थांब पोरी," बुधा म्हणाला. "भरलेली हाय. रात्री डुकरासाठी ठासली, पन ती आलीच नायत."

"अहो बाबा, भरलेली बंदूक घेऊन कोणी चालतं का?" संध्याबाई कडाडल्या.

"ठिणगीची केप हितं हाय," बुधाने सदऱ्याचा खिसा थोपटला. "तिच्याबिगर उडत नाय. पन चूक झाली खरी. घरी उडवली असती तर पाडा घाबरला असता."

साहेबांना विचारून, माणसं दूर सारून, ठाण्यामागच्या मातीच्या बांधात बार काढला. डोंगर दणाणले. बांधाला पडलेल्या भोकात सुनीलची अख्खी मूठ गेली. ती बाहेर काढून तो बापाकडे वळला.

"बा, मघाशी ही भरलेली व्हती?"

"व्हती."

"केप लावायला कितीसा येळ लागला असता! मग लावली का नाय?"

बुधाला हा प्रश्नच विचित्र वाटला. "परवाना पिकाचा हाय. त्यानं कुठं माझी नागली खाल्ली?"

 जन्मभर या म्हाताऱ्याला सुनील भोळा समजत आला होता. आज त्याच्यापुढे आपण केवढेसे आहोत, हे त्याला लख्ख कळलं.

बंदूक जमा केल्याच्या पावतीची घडी केपच्याच खिशात ठेवून बुधा निघाला. वाटेत सुनील म्हणाला, "सुट्टी वाढवतो. आईसंगं मीच जाईन झऱ्यावर, उन्हं वर आल्यावर. बाकीच्या बायांनाबी सांगतो."

"जा की," बुधा म्हणाला.

ओहोळाचं वळण आलं तसा सुनील बापाच्या पुढे झाला. वाट रिकामी होती. तरी तो थांबला, कारवीकडे तोंड करून त्याने हात जोडले आणि हळूच विचारलं, "येऊ का?"