मायबापांचं ताट

नॉरिस हाल्डेन या गृहस्थाने सकाळपासून लेस्टेअर गावातल्या झाडून सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता आणि एकानेही त्याला धड उत्तर दिलं नव्हतं. "इथे करण्यासारखं काय काय आहे?" हातात प्रवासाचं पुस्तक, डोक्यावर हॅट, नाक उन्हाने लालबुंद. दुकानासमोरच्या बाकावर बसलेल्यांनी आभाळाकडे पाहिलं. मासे साफ करणारी बाई मासेच साफ करत राहिली. आता तुम्हीच सांगा, साधं 'गुड मॉर्निंग' न म्हणता थेट प्रश्न फेकणाऱ्या माणसाला कारियाकू बेटावर कोण उत्तर देणार? ऐकू आलं तरी ऐकू येत नाही इथे.

टांटी क्लेमेंटा, म्हणजे क्लेमेंटामावशी, आपल्या ओट्यावरून हे बघत होती आणि तिचा जीव वरखाली होत होता. हा लाल नाकाचा माणूस कुणी वाट चुकलेला पर्यटक नव्हता, तिच्या व्हर्लिनचा होऊ घातलेला सासरा होता.

"व्हर्लिन, अगं आवर त्याला! अख्ख्या गावाला वाटेल, बिनवळणाच्या घरात चाललीय आमची पोर."

"टांटी, ते स्वभावाने चांगले आहेत गं. तीनच दिवस हातात आहेत ना, म्हणून गडबड."

"तीन दिवसांत माणूस साधं आंघोळपाणी करतो. बेट कुठलं बघतोय!"

व्हर्लिन हसली, पण हसताना बोटाशी चाळा करत राहिली. बोट मोकळंच होतं. अंगठी होती, पण ती तिच्या पर्समध्ये डबीत. नॉरिसच्या मुलाने, रूफसने, इंग्लंडातच पुढे केली होती ती. ही म्हणाली, घालीन, पण आधी आईचा होकार येऊ दे. आणि आई, म्हणजे टांटीची धाकटी बहीण इडालिया, व्हर्लिन शाळेत असतानाच गेलेली. तेव्हापासून पोरीला टांटीनेच वाढवलं, आणि पुढे दाईचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला धाडलं तेही तिनेच.

मेलेल्या माणसाचा होकार कसा येतो, हे लेस्टेअरात कुणी कुणाला विचारत नाही. अंगणात चुली मांडायच्या, गावजेवण घालायचं, पण सगळ्यांच्या आधी मायबापांचं ताट वाढायचं. या बेटावर मायबाप म्हणजे गेलेले. जिवंत असतात तोवर ते आई, बाप, टांटी, काका. एकदा गेले की सगळे मायबाप. ताट संध्याकाळी घरात ठेवायचं, दार किलकिलं ठेवायचं, आणि मग ज्याला यायचं तो स्वप्नात येऊन काय ते सांगतो. इडालिया हसत आली तर लग्न. तोंड फिरवून बसली तर... तो विचारसुद्धा टांटी करत नव्हती. पोर हट्टी होती. आईने तोंड फिरवलं असतं तर तिने ती डबी रूफसला परत केली असती आणि जन्मभर झुरत बसली असती. टांटीला रूफस पहिल्या तासातच आवडला होता. त्याने उंबऱ्यातच 'गुड मॉर्निंग' म्हटलं होतं आणि उष्टी भांडी घासायला घेतली होती. पण तिच्या आवडीला इथे कोण विचारतो?

नॉरिसची बायको एव्हरिल मागच्या खोलीत आडवी होती. ग्रेनाडाहून येताना समुद्राने तिला अशी काही घुसळून काढली होती की तेव्हापासून एका बिस्किटापलीकडे पोटात काही ठरलं नव्हतं. बिचारी येताजाता सगळ्यांची माफी मागायची.

दुपारी अंगणात चुली पेटल्या. अर्धं गाव गोळा झालं. कुणी बकरं कापतंय, कुणी तुरीचे दाणे सोलतंय, कुणी नुसताच सल्ले देतोय. नॉरिस पुस्तक उघडून मधोमध उभा. शेजारचे ऑर्विलकाका, ज्यांच्या जिभेला कधीच सुट्टी नसते, त्याच्यापाशी गेले.

"गुड आफ्टरनून."

"अं? हो, हो. गुड आफ्टरनून!"

"बघ, जमतंय की! आता विचार काय विचारायचंय ते."

"इथे करण्यासारखं काय आहे?"

"आहे की. हे घे." काकांनी त्याच्या हातात वल्ह्याएवढा लाकडी चाटू दिला आणि त्याला मक्याच्या पिठाच्या कूकूच्या पातेल्यासमोर उभा केला. "ढवळ. थांबलास की गुठळी. गुठळी झाली की टांटी तुला कापून रश्श्यात घालील."

नॉरिस ढवळायला लागला आणि काय सांगावं, थांबेचना. घामाने निथळला, हॅट उडाली, पुस्तक चुलीपाशी कुठेतरी पडलं, ते कुणी तरी पंख्यासारखं वापरलं. पीठ घट्ट होत गेलं तसा तो दात-ओठ खाऊन चाटू फिरवत राहिला. बायका त्याला टाळ्या वाजवून चेव देत होत्या. "अरे वा, याची बायको सुखी आहे गं!" एक म्हणाली, आणि नॉरिसचं उरलेलं तोंडही नाकाच्या रंगाचं झालं. गुठळी एकही नव्हती. टांटीने बोटाने चाखून पाहिलं आणि मनाविरुद्ध मान डोलावली.

दिवस कलला. व्हर्लिन आणि रूफस ढोलवाल्यांना आणायला गेले. टांटीने मधल्या खोलीत पांढरं कापड अंथरलं, मटण, भात, कूकूचे गोळे, तुरीचे दाणे असं ताट वाढलं, शेजारी पाणी आणि पेलाभर कडक रम ठेवली. जमिनीवर चार थेंब शिंपडून ती म्हणाली, "ये गं इडालिया. जेव पोटभर. पोरीचं बघ काहीतरी." डोळे पुसत बाहेर आली तर समोर नॉरिस.

"मॅडम, एव्हरिलला आता जरा बरं वाटतंय. तिच्यासाठी थोडंसं..."

"आधी मायबापांचं ताट," टांटी घाईघाईत म्हणाली. "वाढून ठेवलंय मधल्या खोलीत. मायबापांचं झालं की मग बाकीच्यांचं." आणि ती मटणाकडे पळाली, कारण तिकडे ऑर्विलकाका डावाने चव बघत होते आणि चौथ्यांदा बघत होते.

त्या रात्री ढोल काय वाजले! नॉरिस नाचला. एव्हरिलसुद्धा उठून बाहेर आली, गालांवर रंग चढलेला, आणि व्हर्लिनचा हात धरून गोलात फिरली. टांटी नाचून नाचून अंथरुणावर पडली ती दगडासारखी झोपली.

जागी झाली तेव्हा ऊन खिडकीत होतं. स्वप्नच पडलं नव्हतं. इडालिया नाही, कुणी नाही, काही नाही. दारात व्हर्लिन उभी होती, रात्रभर जागी असावी.

"आली होती?" तिने विचारलं.

टांटीला खोटं बोलता आलं असतं, पण मेलेल्यांच्या नावाने खोटं कोण बोलणार? ती उठली आणि ताट उचलायला मधल्या खोलीत गेली.

ताट रिकामं होतं. शीत नाही, हाड नाही, चाटूनपुसून लख्ख. रमचा पेलाही कोरडा.

"व्हर्लिन!" टांटी अशी ओरडली की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. "अगं जेवली! तुझी आई जेवली! आजवर मुंगी सोडून कुणी शिवलं नव्हतं गं ताटाला, आणि ही बया सगळं संपवून गेली!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, हसल्या, ताट घेऊन अंगणात आल्या. ऑर्विलकाका बिनचपलेचे धावत आले. मागोमाग निम्मं गाव. कुणी ताटाला हात जोडतंय, कुणी व्हर्लिनचे मुके घेतंय. कुणीतरी ढोल आणायलाही पळालं. तेवढ्यात नॉरिस आणि एव्हरिल फाटकातून आत आले, सकाळच्या फेरीवरून, आणि नॉरिसने हॅट काढून खणखणीत आवाजात सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' घातलं.

"मॅडम," तो टांटीला म्हणाला, "कालपासून सांगायचं राहिलंच. तुम्ही आम्हा मायबापांसाठी खास वेगळं ताट वाढलंत, आधी आम्हाला जेवू घातलंत. एव्हरिलने दोन दिवसांत पहिल्यांदा अन्नाला हात लावला. असा पाहुणचार आम्ही जन्मात विसरणार नाही."

ताटाला जोडलेले हात खाली आले.

मग ऑर्विलकाकांना हसू फुटलं, ते दाबता दाबेना. "घ्या! मायबाप म्हणालात, मायबापच जेवले की!"

"तोंड सांभाळ, ऑर्विल!" टांटी कडाडली. व्हर्लिन ओट्याच्या पायरीवर मटकन खाली बसली. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा आनंद उतरला होता, आणि ते बघून टांटीच्या काळजाचं पाणी झालं. रूफस तिच्याशेजारी जाऊन बसला आणि त्यानेच आईवडिलांना हळू आवाजात सांगितलं, ते ताट कुणाचं होतं ते.

नॉरिस पांढराफटक पडला. एव्हरिलचा हात तोंडावर गेला. आता ही बाई नेहमीसारखी माफी मागत बसणार, असं टांटीला वाटलं, आणि तिला ती माफी नको होती, कुणाचं काही ऐकायचंच नव्हतं. पण एव्हरिल तिच्यापाशी आली आणि म्हणाली,

"ताई, मी वाढते तिला परत. मी रांधते. फक्त एवढं सांगा, तिला काय आवडायचं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. टांटीने स्वतःसुद्धा नाही. मायबाप झाल्यापासून इडालियाला सगळ्या मायबापांना वाढतात तेच वाढलं जात होतं, मटण आणि भात. आणि मटण तर ती मेली कधी खातच नव्हती!

"बारके मासे," टांटी म्हणाली. "तळलेले, कुरकुरीत, काट्यासकट खायची. आणि कूकू म्हणाल तर पातेल्याच्या बुडाची, करपलेली. खरवडायला आमची भांडणं व्हायची. तिने एकदा मला चाटू मारला होता, ही बघा खूण." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "आणि माझ्या ताटातलं काहीही. स्वतःच्या ताटात तेच असलं तरी हिला माझ्यातलंच पाहिजे."

बोलता बोलता ती रडत होती आणि हसतही होती. व्हर्लिन उठून जवळ आली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "अजून सांग ना," ती लहान मुलीसारखी म्हणाली.

टांटी सांगत राहिली. एव्हरिलने बाह्या सरसावल्या. मासे आणले गेले, तेल तापलं. तिला कसलं तळता येतंय! अर्धे मासे कढईला चिकटले, उरलेले काळे झाले. नॉरिस कूकू ढवळायला उभा राहिला, आणि यावेळी मुद्दाम करपवायची म्हणून बाजूला ऑर्विलकाका देखरेखीला. बेटावरचा त्यांचा शेवटचा दिवस चुलीपाशीच गेला, आणि पुस्तकाची कुणालाही आठवण झाली नाही.

एव्हरिलने ताट वाढून दोन्ही हातांनी मधल्या खोलीत नेलं. टांटीने तिला जाताना पाहिलं आणि मग व्हर्लिनकडे वळली.

"अंगठी कुठाय ती? घाल बोटात."

"पण टांटी, स्वप्न?"

"स्वप्न गेलं खड्ड्यात! तुला काय आवडतं म्हणून विचारणारी विहीण मिळालीय तुझ्या आईला, ती कशाला नाही म्हणेल? आणि म्हणालीच तर मी बघून घेईन. धाकटी आहे ती माझी."